एनएफएसचा 'लॉकडी' एकाच नेटवर्क पत्त्याशी कसा बांधावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या देखरेखीखाली असलेल्या एका लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत. 'एथ०' हे कार्ड साठवणीच्या नेटवर्कमध्ये असून त्याचा पत्ता १९२.०.२.१० आहे असे धरू. 'एथ१' व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये आहे आणि त्याचा पत्ता १९८.५१.१००.१० धरू. या सर्व्हरवरील काही डिरेक्टरी एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटून देणाऱ्या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीने इतर यंत्रांना उपलब्ध करून दिल्या आहेत. ही सेवा फक्त साठवणीच्या नेटवर्कमध्ये दिसावी आणि व्यवस्थापनाच्या बाजूने तिचे एकही पोर्ट उघडे राहू नये, अशी अट आमच्या सुरक्षा तपासणीत घालण्यात आली आहे.

'/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ' या फाइलमधील 'एनएफएसडी' विभागात 'होस्ट' या किल्लीला १९२.०.२.१० हे मूल्य देऊन मी सेवा पुन्हा सुरू केली. त्यानंतर 'एसएस' या उघडी पोर्टे दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत एनएफएसचे २०४९ हे पोर्ट अपेक्षेप्रमाणे फक्त साठवणीच्या पत्त्यावर दिसू लागले. मात्र त्याच यादीत टीसीपी आणि यूडीपीचे एकेक मोठ्या क्रमांकाचे पोर्ट ०.०.०.० वर, म्हणजे सर्व पत्त्यांवर, ऐकत असलेले दिसते. त्यांच्यासमोर कोणत्याही प्रक्रियेचे नाव येत नाही आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्यांचे क्रमांक बदलतात. 'आरपीसीइन्फो' पाहिल्यावर ही पोर्टे १०००२१ या प्रोग्रॅम क्रमांकाची, म्हणजे 'एनलॉकएमजीआर'ची, अर्थात एनएफएसवरील फाइलींचे लॉक सांभाळणाऱ्या 'लॉकडी'ची, असल्याचे कळले.

'स्टॅटडी' (रीबूटनंतर लॉक परत मिळावेत म्हणून यंत्रांची नोंद ठेवणारी सेवा) विभागात 'नेम' या किल्लीला तोच पत्ता देऊन पाहिला, परंतु ऐकणाऱ्या पोर्टांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. लॉकडीला पत्ता सांगण्याची एखादी किल्ली माझ्या नजरेतून सुटली आहे का? नसेल, तर तपासणीची अट पूर्ण करण्याचा योग्य मार्ग कोणता? काही जुन्या यंत्रांमुळे तिसरी आवृत्ती आज लगेच बंद करता येणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.


उत्तर १

तुमच्या नजरेतून काहीही सुटलेले नाही. लॉकडीला पत्ता सांगणारी किल्ली नाहीच. 'आरपीसी.एनएफएसडी'च्या माहितीपानावर 'होस्ट' पर्यायाच्या वर्णनातच अशी सूचना आहे की हा पर्याय वापरला तरी लॉकडी सर्व पत्त्यांवर विनंत्या स्वीकारत राहू शकतो. ही सूचना बहुतेकांकडून वाचायची राहून जाते आणि मग आपल्या फाइलमध्येच काही चूक असावी असे समजून दिवसच्या दिवस शोधाशोध होते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. २०४९ चे सॉकेट आरपीसी.एनएफएसडी हा वापरकर्ता बाजूचा प्रोग्रॅम स्वतः उघडतो, तुम्ही सांगितलेल्या पत्त्याशी बांधतो आणि मग '/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/पोर्टलिस्ट' या फाइलद्वारे कर्नलच्या हवाली करतो. पत्ता आधीच ठरलेला असल्यामुळे कर्नलला त्याबाबत निर्णय घ्यावा लागत नाही. लॉकडीचे तसे नाही. तो पूर्णपणे कर्नलमध्ये राहतो, आपली सॉकेटे स्वतःच उघडतो आणि ती उघडताना 'कोणताही पत्ता' हेच मूल्य वापरतो. बाहेरून तयार सॉकेट त्याच्या हाती देण्याची सोय नाही. एसएसच्या यादीत प्रक्रियेचे नाव न दिसण्याचे कारणही हेच आहे: त्या सॉकेटांचा मालक कोणतीही प्रक्रिया नसून स्वतः कर्नल आहे.

म्हणून पत्ता बांधण्याचा नाद सोडून दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, पोर्ट स्थिर करणे; दुसरी, ते पोर्ट इंटरफेसनुसार फायरवॉलमध्ये अडवणे.

पोर्ट स्थिर करण्यासाठी एनएफएस.कॉन्फमधील 'लॉकडी' विभागात 'पोर्ट' आणि 'यूडीपी-पोर्ट' अशा दोन किल्ल्या आहेत. रेड हॅट घराण्यातील जुन्या वितरणांच्या नमुना फाइलमध्ये टीसीपीसाठी ३२८०३ आणि यूडीपीसाठी ३२७६९ हे क्रमांक दिलेले असत, त्यामुळे तेच क्रमांक अनेक ठिकाणी आजही आढळतात. तुमच्या वितरणात या किल्ल्यांचा परिणाम दिसत नसेल तर '/ईटीसी/मोडप्रोब.डी' मध्ये लॉकडी मॉड्यूलसाठी 'एनएलएम_टीसीपीपोर्ट' आणि 'एनएलएम_यूडीपीपोर्ट' हे पर्याय लिहून ठेवावेत. हीच मूल्ये 'सिस्कटीएल' या कर्नलची सेटिंग बदलण्याच्या सोयीतूनही देता येतात, पण तिथे एक अडचण आहे. यंत्र सुरू होताना सिस्कटीएलच्या फाइली वाचल्या जातात त्या क्षणी लॉकडी मॉड्यूल बहुधा मेमरीत आलेलेच नसते. त्यामुळे ती नोंद लागू करायला जागाच नसते आणि ती वाया जाते.

आणखी दोन बाबी सांभाळाव्यात. लॉकडी चालू असताना क्रमांक बदलला तरी उघडलेली सॉकेटे बदलत नाहीत. एनएफएस सर्व्हर थांबवून, त्याच यंत्रावर तिसऱ्या आवृत्तीचे काही माउंट असतील तर तेही काढून, लॉकडी पूर्ण बंद झाल्यावरच नवा क्रमांक लागू होतो. शिवाय ३२७६९ आणि ३२८०३ हे दोन्ही क्रमांक लिनक्सच्या तात्पुरत्या पोर्टांच्या पट्ट्यात पडतात. तो पट्टा मुळात ३२७६८ ते ६०९९९ असा असतो. लॉकडी सुरू होण्यापूर्वी एखाद्या बाहेर जाणाऱ्या जोडणीने नेमका तोच क्रमांक घेतलेला असेल तर लॉकडीला तो मिळणार नाही. त्यामुळे हे क्रमांक 'आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स'मध्ये राखून ठेवावेत किंवा पट्ट्याबाहेरचा एखादा मोकळा क्रमांक निवडावा. मी स्वतः दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात एक सेटिंग कमी सांभाळावे लागते.

याच बैठकीत माउंटडी (क्लायंटच्या माउंटच्या विनंत्या हाताळणारी सेवा) आणि स्टॅटडी यांचीही पोर्टे स्थिर करून टाका. माउंटडीसाठी २००४८ हा क्रमांक अधिकृतपणे नोंदलेला आहे. त्यालाही पत्ता बांधण्याचा पर्याय नाही, फक्त पोर्ट सांगता येते.

आता फायरवॉल. एनएफटेबल्समध्ये नियमांचा क्रम असा ठेवा: सर्वप्रथम 'एलओ' या अंतर्गत इंटरफेसवरील सर्व वाहतुकीला परवानगी, मग आधीच प्रस्थापित झालेल्या जोडण्यांना परवानगी, मग एथ० वरून येणाऱ्या १११ (आरपीसीबाइंडचे, म्हणजे कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे सांगणाऱ्या सेवेचे पोर्ट), २०४९, २००४८ आणि लॉकडी व स्टॅटडीच्या स्थिर पोर्टांना टीसीपी व यूडीपी दोन्हींसाठी परवानगी, एथ१ वर जे खरोखर लागते तेवढेच, आणि शेवटी उरलेले सर्व काही अडवणे. 'एलओ'चा नियम पहिला ठेवा असे मी मुद्दाम सांगतो आहे. कर्नलमधील लॉकडी त्याच यंत्रावरील स्टॅटडीशी १२७.०.०.१ या पत्त्यावरून बोलतो. तो मार्ग अडला की 'अमुक यंत्रावर लक्ष ठेवता येत नाही' अशा अर्थाचा लॉकडीचा संदेश कर्नलच्या नोंदीत येतो आणि क्लायंटला लॉक मिळत नाही, मग बाहेरची पोर्टे कितीही नीट उघडलेली असोत.

'पत्ता बांधला असता तर हे सगळे टळले असते' असे तुम्हाला वाटेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. लिनक्समध्ये पत्ता हा कार्डाचा नसतो, पूर्ण यंत्राचा असतो. एथ१ वरून आलेल्या पॅकेटवर गंतव्य म्हणून १९२.०.२.१० लिहिलेले असेल तर कर्नल ते नाकारत नाही, कारण तो पत्ता आपलाच आहे एवढेच तो पाहतो. म्हणजे व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधील एखाद्या यंत्राने साठवणीच्या पत्त्याकडे जाणारा मार्ग तुमच्या १९८.५१.१००.१० मधून लावला, तर आज नीट बांधलेले दिसणारे २०४९ सुद्धा त्याला तिथून गाठता येऊ शकते. तुमच्या तपासणीच्या अटीत 'व्यवस्थापनाच्या बाजूने' असे शब्द आहेत. ही अट इंटरफेसची आहे, पत्त्याची नाही, आणि ती इंटरफेसचे नाव घेणाऱ्या नियमानेच पुरी होते. म्हणून नियम लिहितानाही गंतव्य पत्ता न तपासता 'आयआयएफनेम', म्हणजे पॅकेट कोणत्या इंटरफेसवरून आले, हे तपासा.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

अत्यंत आभारी आहे. पॅकेट कोणत्या कार्डावरून आले हे पत्ता बांधून ठरत नाही, हे मला खरोखर माहीत नव्हते. मोडप्रोब.डीमधून पोर्टे स्थिर केली, नियम लिहिले आणि व्यवस्थापनाच्या बाजूने बाहेरून तपासले असता आता एकही पोर्ट उघडे दिसत नाही.

परंतु त्यानंतर एक नवी अडचण उभी राहिली. दोन क्लायंट एकाच फाइलवर लॉक मागतात तेव्हा पहिल्याने लॉक सोडल्यावर दुसऱ्याला तो पूर्वी तत्काळ मिळत असे. आता कधी दहा, कधी वीस, कधी जवळजवळ तीस सेकंद वाट पाहावी लागते. कोणतीही चूक नोंदली जात नाही, लॉक शेवटी मिळतोही. एकसारखेपणा राहावा म्हणून सर्व्हरवरील फायरवॉलसोबत मी क्लायंट यंत्रांवरही कडक नियम लावले होते: बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना मोकळीक आणि आत येणाऱ्या नव्या जोडण्यांना पूर्ण बंदी. याचा त्याच्याशी संबंध असू शकेल का?

दुसरे असे की 'आरपीसीबाइंड'ला 'एच' या पर्यायाने १९२.०.२.१० हा पत्ता दिला, तरीही ते १११ वर सर्व पत्त्यांवरच ऐकते आहे. फायरवॉलमुळे ते बाहेरून पोचता येत नाही हे खरे, पण सेटिंग केलेले असूनही लागू होत नाही, याचे कारण कळले तर बरे होईल.


उत्तर २

संबंध आहे, आणि तुम्ही तीस सेकंदांचा उल्लेख केल्यामुळे निदान सोपे झाले.

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉकचा संवाद एकाच दिशेने चालत नाही. क्लायंटने मागितलेला लॉक दुसऱ्याकडे असेल तर सर्व्हर त्याला थांबायला सांगतो आणि लॉक मोकळा होताच सर्व्हर स्वतः क्लायंटच्या लॉकडीकडे नवी जोडणी करून 'लॉक दिला' असा निरोप पाठवतो. त्यासाठी तो आधी क्लायंटच्या १११ पोर्टवरील आरपीसीबाइंडला लॉकडीचे पोर्ट विचारतो. म्हणजे लॉकच्या बाबतीत क्लायंटही सर्व्हरच असतो. तुमच्या नव्या नियमांमुळे हा निरोप क्लायंटच्या दाराशीच अडतो आहे. लिनक्सचा क्लायंट अशा निरोपावर पूर्णपणे विसंबून राहत नाही, दर ३० सेकंदांनी तो स्वतःहून पुन्हा विचारणा करतो. त्यामुळे तुम्हाला लॉक मिळतो खरा, पण निरोपामुळे नव्हे, त्या पुनर्विचारणेमुळे. वाट पाहण्याचा काळ दर वेळी वेगळा येतो, कारण लॉक सुटण्याचा क्षण त्या ३० सेकंदांत कुठेही पडू शकतो.

उपाय असा की प्रत्येक क्लायंटवरही लॉकडी आणि स्टॅटडीची पोर्टे स्थिर करावीत आणि ती, १११ सह, फक्त सर्व्हरच्या साठवणीच्या पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांसाठी उघडावीत. निरोप पाठवताना सर्व्हरचा लॉकडी ज्या पत्त्यावर त्या क्लायंटची विनंती आली होती तोच पत्ता प्रेषक म्हणून वापरतो, त्यामुळे १९२.०.२.१० एवढा एकच पत्ता नियमात लिहिणे पुरेसे आहे. बदलाची चाचणी 'फ्लॉक' या साध्या आज्ञेने घ्या. २.६.१२ पासूनच्या कर्नलमध्ये एनएफएसवरील फ्लॉक सर्व्हरपर्यंत पोचणाऱ्या बाइट-पल्ल्याच्या लॉकमध्ये रूपांतरित होतो, त्यामुळे दोन क्लायंटांमधली स्पर्धा त्याने खरीखुरी तपासता येते.

मात्र या विलंबापेक्षा मला तुमच्या दुसऱ्या, अजून न दिसलेल्या अडचणीची अधिक काळजी वाटते. क्लायंटची आत येणारी पोर्टे बंद असताना सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर काय होईल, याचा विचार करा. तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरच्या मेमरीतील सर्व लॉक त्या क्षणी नाहीसे होतात. कोणाकोणाचे लॉक होते याची नोंद स्टॅटडीने डिस्कवरील 'एसएम' या डिरेक्टरीत प्रत्येक यंत्रामागे एक फाइल अशी ठेवलेली असते. सर्व्हर उठल्यावर 'एसएम-नोटिफाय' हा प्रोग्रॅम ती यादी वाचून प्रत्येक क्लायंटच्या स्टॅटडीला 'मी पुन्हा सुरू झालो आहे' असे कळवतो. ते ऐकून क्लायंट आपले जुने लॉक परत मागतो. या परत मागणीसाठी सर्व्हर काही काळ नवे लॉक देणे थांबवतो. लॉकडीचा हा सवलतीचा काळ मूळ सेटिंगमध्ये ५० सेकंदांचा असतो. त्याच सर्व्हरवर चौथी आवृत्तीही चालू असेल तर तिचा ९० सेकंदांपर्यंतचा काळही संपावा लागतो.

आता तुमच्या नियमांमुळे हा निरोप पोचलाच नाही असे समजा. एसएम-नोटिफाय तो मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, पण सवलतीचा काळ त्याआधीच संपलेला असतो. पहिला क्लायंट आपल्याकडे लॉक आहे असेच समजून फाइलमध्ये लिहीत राहतो, आणि सर्व्हर तोच लॉक दुसऱ्या क्लायंटला देऊन टाकतो. दोघेही एकाच वेळी लिहितात. कोणालाही चूक दिसत नाही, नोंदवहीत एक ओळही उमटत नाही, आणि फाइल बिघडल्याचे पुढे केव्हातरी कळते. मी एका ठिकाणी हे घडलेले पाहिले आहे. बिघाड फायरवॉलच्या बदलानंतर अनेक आठवड्यांनी, एका साध्या रीबूटनंतर झाला, आणि दोन्ही घटनांचा संबंध जोडायला आम्हाला फार वेळ लागला. तेव्हापासून लॉकशी संबंधित कोणतेही पोर्ट बंद करण्यापूर्वी मी आधी रीबूटची चाचणी घेतो.

तुम्ही 'स्टॅटडी' विभागात जी 'नेम' किल्ली लिहिली होती तिचे खरे काम इथे कळते. ती ऐकण्यासाठी नाहीच. ती एसएम-नोटिफायला सांगते की रीबूटचा निरोप कोणत्या पत्त्यावरून पाठवायचा. याच अर्थाची 'आउटगोइंग-अ‍ॅड्र' ही किल्ली 'एसएम-नोटिफाय' विभागातही आहे. दोन कार्डे असलेल्या सर्व्हरवर ही किल्ली फार महत्त्वाची आहे. क्लायंटने ज्या नावाने किंवा पत्त्याने सर्व्हर माउंट केला, त्याच नावाशी तो आलेला निरोप ताडून पाहतो. निरोपातील नाव त्याच्या यादीत नसेल तर तो निरोप दुर्लक्षित होतो. म्हणून ती नोंद काढून टाकू नका, फक्त तिच्याकडून असलेली अपेक्षा बदला. सर्व क्लायंटांनी सर्व्हर एकाच पूर्ण नावाने माउंट करावा, ते नाव डीएनएसमध्ये साठवणीच्या पत्त्याकडे जावे आणि त्या पत्त्यावरून उलट शोधले असता तेच नाव परत यावे, एवढे पाहिलेत तर या भागातील बहुतेक गोंधळ टळतात.

एसएम-नोटिफाय यंत्राच्या प्रत्येक सुरुवातीनंतर एकदाच चालतो. चाचणीसाठी तो हाताने पुन्हा चालवायचा असेल तर सक्तीचा 'एफ' पर्याय द्यावा लागतो. पण चालत्या सर्व्हरवर तो गंमत म्हणून चालवू नये, कारण त्यामुळे सर्व क्लायंट लॉक परत मागू लागतात आणि त्या वेळी सवलतीचा काळ सुरू नसतो.

आरपीसीबाइंडचे कारण वेगळे आहे. तुमच्या वितरणात ते, यंत्रावरील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सॉकेट युनिटमधून सुरू होत असणार. तिथे १११ चे सॉकेट सिस्टमडी आधीच उघडून ठेवते आणि तयार अवस्थेत आरपीसीबाइंडला देते, त्यामुळे 'एच' पर्यायाला करण्यासारखे काही उरत नाही. तो पर्याय मुळात यूडीपीपुरताच लिहिलेला आहे, हेही लक्षात ठेवा. बदल करायचा तर 'आरपीसीबाइंड.सॉकेट' या युनिटला पूरक फाइल जोडा. तीत 'लिसनस्ट्रीम' आणि 'लिसनडेटाग्रॅम' आधी रिकामे ठेवून जुनी यादी पुसा, आणि मग १२७.०.०.१ व १९२.०.२.१० या पत्त्यांवरील १११ नव्याने लिहा. जुनी यादी पुसताना '/रन/आरपीसीबाइंड.सॉक' ही ओळही पुसली जाते. ती परत लिहायला विसरू नका, कारण कर्नल लॉकडीची नोंद आधी त्याच मार्गाने करू पाहतो. तसेच 'फ्रीबाइंड' चालू ठेवा. नाहीतर यंत्र सुरू होताना एथ० ला पत्ता मिळण्यापूर्वी हे युनिट सुरू झाले तर ते अपयशी ठरेल आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सगळेच थांबेल.


उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे अचूक आहेत. तरीही मूळ प्रश्नाचे खरे उत्तर चौथी आवृत्ती हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथ्या आवृत्तीत लॉक हा मूळ संवादाचाच भाग आहे. लॉकडी, स्टॅटडी, आरपीसीबाइंड यांपैकी कशाचीही तिला गरज नसते. सगळे काही २०४९ या एकाच टीसीपी पोर्टवरून चालते, आणि त्याला पत्ता बांधण्याची सोय तुम्ही आधीच वापरली आहे. तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा लॉकचा संवाद तिच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्रॅम क्रमांकाने चालत असे, आणि आज तुम्हाला होणारा बराचसा त्रास त्या रचनेतून आलेला आहे. चौथ्या आवृत्तीचे २००३ मधील विनिर्देश पाहिलेत तर लॉक, त्याची मुदत आणि रीबूटनंतरची परत मागणी या तिन्ही गोष्टी एकत्र आणलेल्या दिसतील.

४.१ पासून तर सर्व्हरला क्लायंटकडे काही कळवायचे असले तरी ते क्लायंटने उघडलेल्या जोडणीवरूनच कळवले जाते. त्यामुळे क्लायंटवर आत येणाऱ्या जोडण्या बंद ठेवण्याचा तुमचा मूळ नियम जसाच्या तसा चालेल. ४.० मध्ये मात्र प्रतिनिधित्व (क्लायंटला फाइल तात्पुरती स्वतः सांभाळण्याची दिलेली मुभा) परत घेण्यासाठी सर्व्हर क्लायंटकडे वेगळी जोडणी करतो, म्हणून ४.० वर थांबू नका.

जुन्या यंत्रांमुळे हे एका दिवसात होणार नाही, हे मान्य. पण सगळ्यांना एकदम हलवण्याची गरजही नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचे लॉक शेवटी कर्नलमधील एकाच लॉक-यादीत जातात, त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीच्या क्लायंटने घेतलेला लॉक चौथ्या आवृत्तीच्या क्लायंटला अडवतो आणि उलटही तसेच होते. एकेक क्लायंट हलवत जा आणि मधल्या काळासाठी फायरवॉलचे नियम तसेच राहू द्या.

शेवटचा जुना क्लायंट गेल्यावर एनएफएसडी विभागात 'व्हर्स३' ला नकारात्मक मूल्य द्या, सेवा पुन्हा सुरू करा आणि '/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/व्हर्शन्स' ही फाइल वाचा. तीत ३ च्या आधी वजाचे चिन्ह दिसले पाहिजे. त्यानंतर एनएफएस सर्व्हर लॉकडी सुरूच करत नाही. तरीही लॉकडीची सॉकेटे दिसली तर घाबरू नका, त्याच यंत्रावर दुसऱ्या एखाद्या सर्व्हरचा तिसऱ्या आवृत्तीचा माउंट आहे का ते पाहा, कारण क्लायंट म्हणूनही लॉकडी सुरू होतो. तसे काही नसेल तर आरपीसीबाइंडचे सॉकेट आणि सेवा, तसेच स्टॅटडीची सेवा, कायमची झाकून (मास्क करून, म्हणजे सुरूच होणार नाही अशी) टाकता येते.

एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. लॉकची कटकट नको म्हणून क्लायंटवर 'नोलॉक' पर्यायाने माउंट करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. त्या पर्यायाने पोर्टांचा प्रश्न नाहीसा होतो हे खरे, पण त्यासोबत लॉकही नाहीसा होतो: प्रत्येक यंत्राचा लॉक त्याच यंत्रापुरता उरतो आणि दुसऱ्या क्लायंटला तो दिसतच नाही. एकाच फाइलवर दोन यंत्रे लिहिणार असतील तर हा पर्याय कृपया वापरू नये.


उत्तर ४

कोणाला लॉकडी खरोखरच, फायरवॉलच्या आधाराशिवाय, एका पत्त्यापुरता मर्यादित करायचा असेल तर नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातील स्वतंत्र, वेगळे नेटवर्क) हा एक मार्ग उपलब्ध आहे. लॉकडी आपली सॉकेटे नेमस्पेसनुसार उघडतो. त्यामुळे एथ० हे कार्ड वेगळ्या नेमस्पेसमध्ये हलवून एनएफएसचा सारा संसार तिथे मांडला, तर लॉकडीच्या दृष्टीने 'सर्व पत्ते' म्हणजे त्या नेमस्पेसमधील पत्ते एवढेच उरतात, आणि एथ१ त्याच्या विश्वात असतच नाही.

हा मार्ग मी चाचणीच्या यंत्रांवर राबवला आहे. तो चालतो, पण त्यात तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. नव्या नेमस्पेसमधील 'एलओ' इंटरफेस आपोआप सुरू होत नाही, आणि तो बंद असेल तर लॉकडीला स्टॅटडीशी बोलता येत नाही. एनएफएसडीची नियंत्रण फाइलप्रणाली त्या नेमस्पेसमधूनच पुन्हा माउंट करावी लागते, नाहीतर तुमच्या आज्ञा मूळ नेमस्पेसच्या सर्व्हरला जातात. आणि '/रन/आरपीसीबाइंड.सॉक' ही फाइलप्रणालीवरील वस्तू असल्यामुळे ती नेटवर्क नेमस्पेसने वेगळी होत नाही. त्यासाठी माउंट नेमस्पेसही वेगळा करावा लागतो, अन्यथा आतल्या लॉकडीची नोंद बाहेरच्या आरपीसीबाइंडकडे होते आणि क्लायंटला आत लॉकडी सापडत नाही. स्टॅटडीच्या नोंदींची डिरेक्टरीही स्वतंत्रच हवी.

दोन स्वतंत्र ग्राहकांना एकाच यंत्रावरून वेगवेगळे एनएफएस सर्व्हर द्यायचे असतील तर हे कष्ट सार्थकी लागतात. तुमच्या अटीसाठी मात्र इंटरफेसनुसार लिहिलेली फायरवॉल पुरेशी आहे, आणि तुमच्यानंतर हे यंत्र सांभाळणाऱ्याला ती वाचूनही कळेल.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे याच शोधात येणाऱ्याला उपयोग होईल.

सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे लॉकडी व स्टॅटडीची पोर्टे तात्पुरत्या पट्ट्याबाहेरच्या क्रमांकांवर स्थिर केली. क्लायंटवर ती पोर्टे आणि १११ फक्त १९२.०.२.१० साठी उघडली. त्याच क्षणी फ्लॉकच्या चाचणीत वाट पाहण्याचा काळ नाहीसा झाला. पहिल्या क्लायंटने लॉक सोडताच तो दुसऱ्याला मिळतो आहे. आरपीसीबाइंडच्या सॉकेट युनिटलाही पूरक फाइल जोडली. पहिल्या प्रयत्नात मी '/रन/आरपीसीबाइंड.सॉक' ची ओळ परत लिहिलीच नव्हती, ती इथले उत्तर पुन्हा वाचल्यावर लिहिली.

त्यानंतर देखभालीच्या वेळेत रीबूटची चाचणी घेतली. एका क्लायंटवर लॉक धरून ठेवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. सवलतीचा काळ संपल्यावर दुसऱ्या क्लायंटवरून तोच लॉक मागितला असता तो मिळाला नाही, म्हणजे पहिल्याने तो परत मिळवला होता. खात्रीसाठी पहिल्या क्लायंटवरील स्टॅटडीचे पोर्ट मुद्दाम बंद करून, चाचणीच्या फाइलवर, तीच कृती पुन्हा केली. या वेळी दुसऱ्या क्लायंटला लॉक मिळाला आणि पहिल्यालाही आपल्याकडे लॉक आहे असेच वाटत राहिले. उत्तर २ मध्ये लिहिलेला प्रसंग डोळ्यांसमोर घडताना पाहून अंगावर काटा आला. असेच बंद नियम मी मागच्या आठवड्यापासून खऱ्या यंत्रांवर चालू ठेवले होते.

आजपासून क्लायंट एकेक करून ४.२ वर हलवायला घेतले आहेत. तीन झाले, जुनी यंत्रे बाकी आहेत.